पाच महिने, 42 किलोमीटर आणि तुमचे तीन मित्र

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. वय 41, घर डोंबिवलीला, ऑफिस अंधेरीला, सकाळी साडेसातला बाहेर पडायचं आणि रात्री नऊला परत. आजवर जास्तीत जास्त 10 किलोमीटर पळालात, तेही दोनदाच. कॉलेजच्या मित्रांनी ठरवलंय की येत्या जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन करायचीच. त्यातला एक मुरलेला धावक, दुसरा तुमच्यासारखाच नवा, तिसरा गुडघ्यामुळे पळणार नाही पण 'लागेल ती मदत करतो' म्हणतोय. ऑगस्ट सुरू झालाय आणि तुम्हाला आठवड्याचं वेळापत्रक हवंय.

वेळापत्रक सांगते. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, 'मित्रांना नाही म्हणवत नाही आणि त्यांच्याशिवाय हे जमणारही नाही.' ते वाक्य मी दोनदा वाचलं. खरी अडचण तिथे आहे. पाय तयार करणं मोजूनमापून जमतं. चार जणांचा उत्साह उतू जात असताना स्वतःच्या पायांचं ऐकणं त्याहून अवघड. मित्रांमुळे शर्यत पूर्ण झालेली माणसं मी पाहिली आहेत, आणि मित्रांमुळेच नोव्हेंबरात पाय बांधून घरी बसलेलीही. म्हणून कोणत्या मित्राला कोणतं काम द्यायचं, यावर जास्त लिहिते.

मी 38 व्या वर्षी पळायला लागले, आता 53 ची आहे. नऊ फुल झाल्या, त्यातल्या सात मुंबईत. आठ वर्षांपासून दर रविवारी शिवाजी पार्कहून दहा-बारा जणांना घेऊन निघते. मी डॉक्टर नाही, म्हणून पहिलं काम डॉक्टरांचं. चाळिशीनंतर एवढं अंतर पळायचं तर आधी रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि ईसीजी करून घ्या, आणि डॉक्टर म्हणाले तर स्ट्रेस टेस्टही (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी). घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा जिने चढताना छातीत कधी आवळल्यासारखं झालं असेल, तर ते न विचारता सांगा. हे या आठवड्यात करा. बूट नंतर घ्या.

आता, होईल का? जानेवारीच्या मध्यापर्यंत जेमतेम 22-23 आठवडे आहेत. एवढ्या वेळात 10 वरून 42 वर जाणारे लोक आहेत, पण ते तीन गोष्टींवर ठरतं आणि त्या मला इथून दिसत नाहीत. एक, तुम्हाला रोज किती झोप मिळते. नऊला घरी येऊन बारापर्यंत जागत असाल तर पहाटे पाचला उठून केलेला सराव अंगी लागणार नाही. दुसरी, गुडघा, टाच किंवा कंबर याआधी कधी दुखावली होती का. आणि तिसरी, रविवारची सकाळ घरच्यांनी मनापासून दिली आहे का. हे तिन्ही जुळत असेल तर फुलचा विचार करा. त्यातलं एक जरी डळमळीत असेल, तर या जानेवारीत हाफ आणि पुढच्या जानेवारीत फुल, हे माझं प्रामाणिक मत. 21 किलोमीटरही नवख्या शरीरासाठी मोठं अंतर आहे. नाव नोंदवण्याआधी प्रवेशाच्या अटी नीट वाचा, आधी पळालेल्या शर्यतीच्या टायमिंगचा पुरावा लागतो का ते बघा. आणि दुसऱ्या कुणाच्या नावाचा बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, लावून पळू नका, मित्राच्याही नाही. रस्त्यात पडलात तर मदतीला आलेला माणूस बिबवरून तुम्हाला ओळखतो. चुकीच्या नावामुळे चुकीच्या घरी फोन जाईल आणि डॉक्टरांना चुकीच्या माणसाचं वय आणि आजार कळतील.

वेळापत्रक असं. मंगळवार आणि गुरुवार, पहाटे साडेपाचला 40 ते 45 मिनिटं सावकाश. शनिवारी अर्धा तास, तोही सावकाश. बुधवारी घरातच 20 मिनिटं ताकदीचे व्यायाम: बैठका, एका पायावर उभं राहून टाच वर-खाली करणं, प्लँक (कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग ताठ धरणं). रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं. ऑगस्टअखेर 12 किलोमीटर, सप्टेंबरअखेर 16, ऑक्टोबरच्या मध्याला 20, नोव्हेंबरच्या मध्याला 26, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एकदाच 30 ते 32. दर चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी करायचं, कारण वाढ विश्रांतीत होते. शेवटचे तीन आठवडे उतरत्या अंतराचे. सरावात पूर्ण 42 एकदाही पळायचं नाही. त्यातून सावरायला जो वेळ लागतो तो शर्यतीच्या तोंडावर परवडत नाही.

ऑक्टोबरचे 20 किलोमीटर ही तुमची परीक्षा समजा. ते पळून दुसऱ्या दिवशी पायऱ्या नीट उतरता आल्या आणि ऑफिसात नेहमीसारखं काम झालं, तर पुढे चला. नाही जमलं, तर डिसेंबरात वसई-विरारला हाफ करा आणि फुल पुढच्या वर्षावर टाका. हे चौघांनी आजच मान्य करा. ऑक्टोबरात तो निर्णय घेताना तुमच्यावर खूप भावनिक दडपण असेल.

मध्ये सण येतात. गणपतीत घरी पाहुणे, नवरात्रात उपास, दिवाळीत फराळ. यातलं काहीही सोडू नका, फक्त कडक उपासाच्या दिवशी किंवा त्याच्या दुसऱ्या सकाळी लाँग रन ठेवू नका. ऑक्टोबर हीटमध्ये तोच रस्ता, तेच अंतर आणि वेळ मात्र जास्त लागतो. मुंबईच्या दमट हवेत घाम सुकत नाही, सुकला नाही की अंग थंड होत नाही, आणि नाडी चढत जाते. तेव्हा घड्याळ बघून जोर लावू नका. पावसात भिजलेल्या बुटांत रात्रभर वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, पंख्याखाली ठेवले तर सकाळपर्यंत घालण्याजोगे होतात. काखेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलीन लावल्याशिवाय 15 च्या वर जाऊ नका. एकदा सोललं गेलं की पुढचा आठवडा वाया जातो.

आता मित्र.

मुरलेल्या मित्रापासून सुरुवात करते, कारण धोका तिथे जास्त आहे. माझ्या पहिल्या फुलला माझी शाळेतली मैत्रीण सोबत होती. ती माझ्यापेक्षा बरीच वेगवान. मी ठरवलं होतं किलोमीटरला सव्वासात मिनिटं. सीएसएमटीहून पहाटेच्या अंधारात निघालो, थंडावा होता, मरीन ड्राइव्हवर वारा होता, ती शेजारी गप्पा मारत होती आणि मला पंख फुटले होते. पहिले 21 किलोमीटर आम्ही किलोमीटरला 6 मिनिटं 40 सेकंदांच्या वेगाने काढले. ठरवल्यापेक्षा 12 मिनिटं लवकर, म्हणून मी खूश होते. परतीला पेडर रोडचा चढ लागला, त्याचं पाटीवरचं नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग. तिथे माझ्या दोन्ही पोटऱ्यांत वांब आले. शेवटच्या 10 किलोमीटरना मला पावणेदोन तास लागले. 12 मिनिटं कमावली होती, अर्ध्या तासाहून जास्त गमावली.

यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे मित्राला समजावता येईल. स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन म्हणतात त्याला. तो मर्यादित असतो. वेग जितका जास्त तितकी शरीर चरबी कमी आणि ही साखर जास्त जाळतं. सावकाश पळणाऱ्याचा साठा पुरवून पुरवून वापरला जातो, जोरात सुटलेल्याचा बहुधा 30-32 च्या आसपास तळाला जातो. मग उरते चरबी. ती भरपूर असते, पण तिच्यातून ऊर्जा हळू मिळते, म्हणून पाय अचानक शिशाचे होतात. यालाच धावणारे 'वॉल' म्हणतात. सकाळी शेजारी गप्पा मारणाऱ्या मैत्रिणीसाठी तो वेग सोपा होता. माझ्यासाठी नव्हता, आणि सुरुवातीच्या ताज्या पायांमुळे मला ते कळलं नाही.

म्हणून मुरलेल्या मित्राला सरावातलं काम द्या, शर्यतीतलं नाही. मंगळवारी त्याचा हलका दिवस असेल तेव्हा त्याने तुमच्या वेगाने पळावं. नियम एकच: दोघांनी पूर्ण वाक्यांत बोलत राहायचं. तुमची वाक्यं तुटायला लागली की वेग कमी करायचा, आणि ते त्याने तुमच्या आधी ओळखायचं. घड्याळापेक्षा हे मोजमाप जास्त खरं आहे. शर्यतीच्या दिवशी मात्र सुरुवातीला गळाभेट घ्या आणि वेगवेगळे पळा. त्याने तुमच्यासाठी मागे राहू नये आणि तुम्ही त्याच्यासाठी पुढे जाऊ नये. तुमचा अंदाज किलोमीटरला साडेसात मिनिटांचा असेल तर पूर्ण शर्यत 5 तास 16 मिनिटांच्या आसपास होते. पहिले 10 किलोमीटर दर किलोमीटरला 20 सेकंद जोरात पळालात तर फक्त 3 मिनिटं 20 सेकंद वाचतात. एवढ्यासाठी शेवटचे 10 पणाला लावू नका.

नव्या मित्राचं काम दारात येऊन उभं राहणं. पहाटे पाचला बेल वाजली की अंथरुणातून उठलं जातं, गजर बंद करता येतो पण माणूस परत पाठवता येत नाही. आमच्या गटात एक बोली आहे: न येणाऱ्याने आदल्या रात्री दहाच्या आत कळवायचं आणि कारण विचारायचं नाही. यामुळे आजारी माणूस अपराधी वाटून पळायला येत नाही. दोघे नवे असाल तर एकच गोष्ट टाळा, ती म्हणजे ॲपवरचे आकडे एकमेकांना पाठवणं. एकाचं वजन वेगळं, दुसऱ्याची झोप वेगळी. तुलना सुरू झाली की सावकाश पळायचा दिवस सावकाश राहत नाही.

आणि तिसरा, न पळणारा. त्याला कमी लेखू नका. माझ्या नऊपैकी सहा फुल माझ्या नवऱ्याच्या सायकलमुळे झाल्या. तो पळत नाही. दर लाँग रनला तो मागून सायकलवर यायचा, पिशवीत पाणी, इलेक्ट्रॉल, खजूर आणि एक कोरडा टीशर्ट. तुमच्या मित्राला सायकल नाही तर स्कूटर चालेल, पुढे जाऊन ठरलेल्या ठिकाणी थांबायचं.

त्याच्याकडे एक वही द्या. एका रविवारी पळण्याआधी आणि तासभर पळून अंग पुसल्यावर तुमचं वजन करायला लावा. मधे प्यायलेलं पाणी घटलेल्या वजनात मिळवा. ही बेरीज एक किलो आली तर साधारण लिटरभर घाम गेला. आमच्याकडे काहींचं अर्धा किलो घटतं, काहींचं दीड. त्यावरून तुमचं पाणी ठरवा, शेजारच्याकडे बघून नाही. भीतीने घटाघट पाणी पिणंही धोक्याचं आहे. सावकाश पळणारे पाच तास पाण्याच्या प्रत्येक टेबलावर पीत राहिले तर रक्तातलं सोडियम खाली जातं, आणि मळमळ, डोकेदुखी, गोंधळ होतो. त्यामुळे तहान लागेल तसं, घोट घोट आणि मधेमधे मीठ-साखरेचं. खाण्याचं म्हणाल तर पहिल्या तासानंतर दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतं. मध्यम आकाराच्या एका केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतं. एनर्जी जेल (पळताना चोखायचं साखरेचं पाकीट) चालतं, खजूर चालतात, चिक्की चालते. पोटाला काय सोसतं ते नोव्हेंबरपर्यंत लाँग रनमध्येच कळलं पाहिजे.

या मित्राला तुम्ही एक अधिकारही द्यायचाय: 'थांब' म्हणायचा. आमच्या गटातल्या एका मुलीला चार वर्षांपूर्वी डिसेंबरात नडगीच्या आतल्या बाजूला दुखत होतं. सगळी नडगी नाही, बोटाने दाखवता येईल एवढीच जागा. रात्री झोपेतही ठणकायचं. तिने कुणाला सांगितलं नाही, कारण गटाचा 30 किलोमीटरचा रविवार आला होता आणि तिला आमची लय मोडायची नव्हती. मी तिच्या शेजारी पळत होते. 18 व्या किलोमीटरला तिचं पाऊल बदललेलं मला दिसलं होतं आणि मी बोलले नाही, वाटलं तिचं तिला कळत असेल. एमआरआयमध्ये हाडाला बारीक चीर निघाली. आठ आठवडे पळणं बंद, जानेवारीची शर्यत गेली. तो दिवस मला अजून लागतो. त्यानंतर आमच्याकडे प्रत्येकाचा एक माणूस ठरलेला असतो. त्याने थांब म्हटलं की वाद नाही, त्या दिवसापुरतं घरी.

त्या मित्राने बघायचं ते असं: दुखणं पसरलेलं आहे की एका बोटाएवढ्या जागी, पळताना कमी होतंय की वाढतंय, पाऊल वाकडं पडतंय का. पसरलेलं, दोन्ही पायांत सारखं आणि दुसऱ्या दिवशी ओसरणारं दुखणं सरावाचं असतं. एकाच ठिकाणचं, वाढत जाणारं किंवा रात्री जागवणारं दुखणं डॉक्टरांना दाखवायचं. आणि पळण्याआधी किंवा पळताना वेदनाशामक गोळी घ्यायची नाही. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, वर दुखणं झाकलं जातं.

एवढं नक्की झालं की, म्हणजे मुरलेला मंगळवारी, नवा दारात आणि तिसरा वही-सायकल-थांब घेऊन, मग रविवारच्या जागा ठरवा. डोंबिवलीहून महिन्यातून एकदा पहाटेची लोकल पकडून दादरला या. शिवाजी पार्कहून वरळी, हाजीअली, पेडर रोड, मरीन ड्राइव्ह करून त्याच्या टोकाच्या एनसीपीए नाट्यगृहाला जाऊन परत आलात तर 25 च्या आसपास होतात, आणि पेडर रोडचा चढ दोन्ही बाजूंनी पायांना कळतो. थकलेल्या पायांनी तो चढ आधी दोन-तीनदा चढून ठेवणं हा शर्यतीचा सगळ्यात उपयोगी सराव आहे. फक्त दहाच्या आत गाडीत बसा, मेगाब्लॉक लागला तर परतताना हाल होतात.

शर्यतीच्या दिवशी तिसऱ्या मित्राने कुठे उभं राहायचं? सुरुवातीला सीएसएमटीला येऊन उपयोग नाही, गर्दीत तुम्ही सापडणार नाही आणि त्याची झोप जाईल. सी लिंकवर बघ्यांना जाता येत नाही. रस्ते बंद असतात, म्हणून गाडी विसरा, लोकलवर भिस्त ठेवा. पहिली जागा माहीम-शिवाजी पार्क पट्टा, निम्मं अंतर झाल्यावरचा. तुम्ही पुढे गेलात की त्याने माटुंगा रोड किंवा दादरहून गाडी पकडून महालक्ष्मीला उतरायचं आणि हाजीअलीकडे चालत जायचं. तिथे, चढ सुरू होण्याच्या आधी, तुम्ही 35 व्या किलोमीटरच्या आसपास असता आणि ऊन अंगावर यायला लागलेलं असतं. दोनच जागा पुरे. मार्ग दरवर्षी थोडाफार बदलतो, म्हणून आदल्या आठवड्यात जाहीर झालेला नकाशा बघून जागा पक्क्या करा. रस्त्याच्या कोणत्या बाजूला, कोणत्या खांबापाशी, कोणत्या रंगाचा टीशर्ट, हे लिहून ठेवा. तेव्हा तुमची नजर गर्दीत शोधण्याच्या अवस्थेत नसते.

त्याने काय बोलायचं तेही ठरवा. 'आता थोडंच राहिलं' हे 30 व्या किलोमीटरला ऐकवत नाही. त्याऐवजी उपयोगाचं सांगावं: पुढे पाण्याचं टेबल आहे, चढ संपला की केम्प्स कॉर्नरला उतार आहे, खजूर खाल्लास का. आणि त्याने तुमच्या डोळ्यांत बघून एक साधा प्रश्न विचारावा, आज वार कोणता. उत्तर अडखळलं, पाय लटपटत असतील किंवा अशा उन्हात थंडी वाजतेय म्हणालात, तर जवळच्या वैद्यकीय तंबूत न्यायचं. बिब नसताना त्याने शेजारी पळत येऊ नये, फुटपाथवरून चार पावलं चालणं वेगळं. रस्त्याच्या कडेला मुंबईकर संत्री, बिस्किटं, चिक्की घेऊन उभे असतात, लहान मुलं हात पुढे करून टाळी मागतात. टाळी जरूर द्या, पण सरावात न खाल्लेलं काही तोंडात टाकू नका.

शेवटची रेषा ओलांडली की बसू नका, दहा मिनिटं चालत राहा. मित्राच्या पिशवीत चपला, कोरडे कपडे आणि काहीतरी खारट असू द्या. डोंबिवलीची गाडी सीएसएमटीहूनच सुटते, म्हणजे बसायला जागा मिळेल. उतरताना जिने सांभाळा, त्यासाठी त्याने डोंबिवलीपर्यंत सोबत यायला हवं.

घरच्यांबद्दल एक राहिलं. पाच महिन्यांच्या रविवारच्या सकाळी तुमच्या नाहीत, त्या कुणीतरी दिलेल्या आहेत. दुपारी झोपून जाऊ नका, संध्याकाळ त्यांची ठेवा. माझ्या गटात जे मधेच सुटले, त्यातले बरेचजण पायांमुळे नाही तर घरातल्या नाराजीमुळे सुटले.

तीन आठवडे असे काढून मला कळवा: झोप किती तास होतेय, रविवारच्या दुसऱ्या सकाळी नडगी आणि टाच कशी असते, आणि तिसऱ्या मित्राने वही आणली का. त्यावर पुढचं बोलू.